बापाकडून एक

"रंग उन्हात बघून घ्या, आत सगळेच सारखे दिसतात," असं दुकानदार सवयीने म्हणाला आणि मुलगी साडीचा पदर मनगटावर टाकून पायरीवर गेली. एवढंच घडलं. राजकुंवर जळगावच्या त्या दुकानात दवाखान्याच्या खाटांसाठी चादरी घ्यायला आली होती आणि पोत बोटांनी चाचपत होती. गादीवर पाठमोरी बसलेली एक बाई म्हणाली, "चंदन, डोकं झाक, ऊन आहे," आणि तो आवाज ऐकून राजकुंवरची बोटं थांबली. वीस वर्षांत तो तिच्या कानांवर पडला नव्हता, तरी ओळखायला क्षण लागला नाही. तो कुसुमलताचा आवाज होता. कुसुमलता म्हणजे तिच्या सख्ख्या काकाची मुलगी, लहानपणी तिच्या कुशीत झोपणारी आणि पुढे तिच्याच जागी धुळ्याच्या घरात नेऊन बसवलेली. मग पायरीवरची मुलगी कोण, हे कुणी सांगायला नको होतं. नाक तर सरळ ज्ञानचंदचंच होतं, राजकुंवरच्या पूर्वीच्या नवऱ्याचं. मुलीने पदर वर धरला, समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेलं चैत्राचं ऊन तिच्या चेहऱ्यावर बाजूने पडलं, तिने डोळे वर केले आणि राजकुंवरला बुबुळाच्या कडेने फिरलेलं कडं दिसलं. हिरवट, मधेच तपकिरी, हौदाच्या काठावर शेवाळ धरावं तसं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. राजकुंवरने असे डोळे नऊ-दहा वर्षं पाहिले होते, उन्हात, बॅटरीच्या उजेडात, यंत्राखाली. मुलगी आत वळून म्हणाली, "मा, सगाईला हीच घेऊ," आणि राजकुंवर चादरी तशाच सोडून मागच्या दाराने बाहेर पडली.

रस्त्यावर पाण्याच्या टँकरभोवती हंड्यांची रांग होती. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. त्या गर्दीतून चालताना आपल्या छातीत हे काय भरून येतंय ते ती तपासू लागली. भीती असेल असं तिला वाटलं होतं, निदान कळवळा तरी. पण तो आनंद होता. तो ओळखल्यावरही ती दचकली नाही. घरी येऊन तिने पाय धुतले, पंख्याखाली बसली आणि पोरीचं ते वर पाहणं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा चालवून बघत राहिली.

तिच्या मुलाच्या, निर्मलच्या, डोळ्यांतही तसंच कडं होतं. तेव्हा तिला ते काय आहे हे कळलं नव्हतं, उलट आपल्या मुलाचे डोळे इतरांपेक्षा वेगळे आहेत याचं कौतुक वाटायचं, आणि ती काजळ घालताना मुद्दाम त्याची हनुवटी धरून बघत बसायची. दहाव्या वर्षी त्याच्या हातातून पेन्सिल गळायला लागली. मास्तरांनी आधी हातावर छड्या मारल्या आणि मग घरी निरोप पाठवला. पुढे जीभ जड झाली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येऊ लागली, वाटी तोंडाशी नेताना हात असा उडायचा की वरण भिंतीवर जायचं. सासू झमकूबाई आधी म्हणाली, पोरगं ढोंग करतं. नंतर म्हणाली, बाहेरचं आहे. धुळ्याच्या डॉक्टरने मेंदूचा ताप सांगितला. मधल्या काळात धाकट्या इंदूचं पोट फुगलं, ती हळदीसारखी पिवळी झाली आणि भावाच्या आधी गेली. मग निर्मल गेला. बाराव्याला समाजाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर झमकूबाई शांतपणे म्हणाली, "हिच्या कुशीतच विष आहे." ज्ञानचंद दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याचा हात टोपीकडे गेला, त्याने टोपी सरळ केली आणि तो बाहेर ढेपेच्या दुकानाकडे निघून गेला. सासूचं बोलणं राजकुंवर कदाचित विसरलीही असती. म्हातारी पुढे मेली, तेव्हा तिला काही वाटलंही नाही. पण टोपी सरळ करणारा तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही. पंचांनी फारकत करवली, आणि वर्षाच्या आत काकाने कुसुमलता त्याच घरात दिली. सोयरीक चांगली होती, घरातली मुलगी तिथे नांदून आली होती, आता फक्त कूस बदलायची होती. कुसुमलताने तिला एका शब्दानेही विचारलं नाही. मांडवात जाण्याआधी एकदा दारात येऊन उभी राहिली होती आणि कुणीतरी हाक मारताच गेली.

बाकीचं आयुष्य राजकुंवरने भाऊ शांतीलालच्या घरी काढलं. पोथी, उपास, पापड. डॉक्टर भारंबे जळगावात आले नसते तर ते तसंच संपलं असतं. डॉक्टर मूळचे सावद्याचे, केळीवाल्या घरातले, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नोकरीला. अंगात तांबं साठत जाऊन मुलं मरतात असा एक दुर्मीळ आजार त्यांनी अभ्यासाला घेतला होता. एका गोतात पिढ्यान्पिढ्या लग्नं होतात तिथे तो सापडतो म्हणून ते महिन्यातून एकदा खानदेशात यायचे. शांतीलालच्या ओळखीच्या धर्मादाय दवाखान्यात त्यांना एक खोली मिळाली होती. राजकुंवर तिथे सहज, पाणी द्यायला म्हणून गेली होती. डॉक्टर चार माणसांना समजावून सांगत होते, हात कापतात, बोलणं जड होतं, काहींचं नुसतं पोट फुगतं आणि कावीळ होते, आणि बुबुळाच्या कडेला तांब्याचं कडं दिसतं. तिच्या हातातला पेला तिने टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर निर्मलची आणि इंदूची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तिने विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? ते म्हणाले, "नाही बाई, एकट्या तुमच्यामुळे नाही. हा आजार व्हायला दोन दोष लागतात. आईकडून एक, बापाकडून एक. एकटा असेल तर माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही."

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. ती दोन्ही वेळा फक्त दोनच शब्द ऐकत होती: बापाकडून एक.

मंडळ उभं राहिलं ते त्या दोन शब्दांवर. बाहेर त्याला आजारी मुलांच्या कुटुंबांचं साहाय्यक मंडळ म्हणत, जळगावात नुसतं राजकुंवरबाईंचं मंडळ. दहा वर्षं समाजापुढे न आलेली बाई दुकानोदुकानी जाऊन पदर पसरू लागली तेव्हा शांतीलाल चकित झाला. तिने परदेशातून येणाऱ्या कॅप्सुलांसाठी आयात परवाना मिळवला, खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना उतरायला जागा केली, यकृताचे तुकडे मुंबईला न्यायला बर्फाची पेटी आणली. डॉक्टरांचा मूळ बेत या तुकड्यांचाच होता. मूल गेलं की तुकडा काढायला ते आईबापांची परवानगी मागत. एकदा सोनगीरच्या भागाबाईने, जिची मोठी पोरगी नुकतीच गेली होती, परवानगी दिली आणि अंगठा उठवता उठवता म्हणाली, "मरेलसले काय कापतस डाक्टर, जित्ता शेतस त्यासले देखा." मेलेल्यांना कापण्यापेक्षा जिवंत आहेत त्यांना बघा, असं तिचं म्हणणं होतं, तिची धाकटी दोन पोरं बाहेर अंगणात खेळत होती. डॉक्टरांच्या मनात तो विचार नव्हता असं नाही, पण धडधाकट मुलांना सुया टोचायला कोण आईबाप तयार होणार असं त्यांना वाटे. भागाबाईने दोघांना हात धरून आत आणलं. धाकट्याच्या डोळ्यांत कडं निघालं. त्याला औषध सुरू केलं आणि तो आजारी पडलाच नाही. तेव्हापासून मंडळाने ठरवलं, एक मूल सापडलं की घरातली सगळी भावंडं तपासायची. त्या ठरावाला राजकुंवरने आपली एक ओळ जोडली: बापही तपासायचा, आणि बापाच्या घरचेही. डॉक्टर म्हणाले, त्याची गरज नाही, हा आजार दोघांकडून येतो हे पुस्तकात सिद्ध झालेलं आहे. ती म्हणाली, "पुस्तकात असेल, धुळ्यात नाही." आणि बर्फाची पेटी, परवाना, खोली, आणि मुख्य म्हणजे आलेल्या बायका तिच्या शब्दावर होत्या, म्हणून डॉक्टरांनी मान्य केलं. त्या ओळीने अभ्यास वाढला, नवी घरं उजेडात आली, मुंबईला डॉक्टरांचं नाव झालं. खानदेशात पहिल्यांदाच पुरुष शर्टाच्या बाह्या वर करून ओसरीवर रांगेने बसू लागले आणि राजकुंवर समोर खुर्ची टाकून ते बघत बसे. पण ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली तो आला नाही. दर वर्षी धुळ्याला बोलावणं जायचं, आणि उत्तर यायचं नाही.

आणि आता हे. काही करायला नको होतं. गप्प बसलं की पुरे. पंख्याखाली ती ते चित्र रंगवत राहिली. सगाई होईल, लग्न होईल. मग एके दिवशी सासरच्या पंगतीत वाढताना पोरीच्या हातातली पळी उडेल. लोक आधी म्हणतील, ढोंग करते. मग कुसुमलता तिची हनुवटी धरून बघेल. ज्ञानचंदला दवाखान्याच्या पायरीवर यावं लागेल, तेही उशिरा, औषध धरत नाही तेव्हा. राजकुंवर चैत्रभर गप्प राहिली. डॉक्टर येऊन गेले, त्यांच्यासमोर तिने सगळी कामं नीट केली. आपण काय करतो आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. उशिराने काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तांबं थांबत नाही. ती जेवत होती तेव्हाही ते त्या पोरीच्या अंगात साठत होतं, आणि हा विचार आला की घास गोड लागायचा. मग एकदा तो लागेनासा झाला. तिने ताट सारलं, दुसऱ्या दिवशीही सारलं, आणि कॅप्सुला न्यायला आलेल्या भागाबाईला, का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. भागाबाईने पोराचं औषध पदराला बांधलं. म्हणाली, "पोर कोनी बी ऱ्हावो अक्का, पोरच शे ना ती. तू सांगशी का मी जाऊ धुयाले?" धुळ्याला जायला ती खरंच तयार होती.

सगाईच्या दिवशी राजकुंवर एरंडोल, पारोळा करत बसने धुळ्याला गेली. सांगायचं ठरलं होतं. कसं सांगायचं ते तिने वाटेत ठरवलं, आणि ते ठरलं तेव्हा पुन्हा भूक लागली. समाजाच्या सभागृहात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे पाटावर त्या साडीत चंदनबाला. राजकुंवरला आधी कुसुमलताने पाहिलं. ती उठून थेट दाराशी आली, तिचे डोळे भरले होते. "आलीस जीजी," एवढंच म्हणाली आणि तिने राजकुंवरचा हात धरला. तो हात गरम होता, मेंदीचा वास येणारा. कुसुमलता तिला आतल्या खोलीकडे नेऊ लागली. तिथे कुणी नव्हतं, दार उघडं होतं, बाजेवर फक्त साड्यांचे खोके पडले होते. चार पावलं गेलं असतं, दार लोटलं असतं, की झालं असतं. राजकुंवरने ते दार नीट पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि ती सभागृहाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ज्ञानचंदजी," ती म्हणाली. "तुमच्या या मुलीला निर्मलचा आजार आहे. तिच्या डोळ्यांत दिसतो. तो आईकडून एक आणि बापाकडून एक असा येतो. तुमच्या आईने चारचौघींत मला विषारी म्हटलं तेव्हा तुम्ही दाराशी होतात. आज तुम्हीच या सगळ्यांना सांगा, विष कुणाचं?"

ज्ञानचंद म्हातारा झाला होता. त्याचा हात वर गेला, टोपीपर्यंत, आणि तिथे नुसता राहिला. ती त्या हाताकडे पोटभर बघत होती. मग म्हणाली, "औषध आहे. आत्ता सुरू केलं तर ती वाचते." हे वाक्य तिने शेवटाला ठेवलं होतं. मुलाकडची माणसं उठली, ताटं तशीच राहिली. पाटावर चंदनबाला स्वतःचे दोन्ही तळवे समोर धरून बघत होती, कापतात का.

आठवड्याच्या आत ज्ञानचंद तिला घेऊन जळगावला आला. यंत्राखाली कडं स्पष्ट दिसलं, लघवीत तांबं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मग ज्ञानचंद ओसरीवर बाकावर बसला आणि त्याने बाही वर केली. दंडाची कातडी सैल झाली होती. राजकुंवर खुर्ची घेऊन समोर बसली, सुई आत जाताना त्याने तोंड फिरवलं तेही तिने पाहिलं. पुढच्या खेपेला मुंबईहून निकाल आला: त्याच्या रक्तात काही उणं नव्हतं. डॉक्टरांनी घाईघाईने समजावलं की एकेरी दोष पुष्कळांच्या रक्तात दिसत नाही, मुलीला आजार आहे हाच बापाचा पुरावा, याहून मोठा पुरावा नसतो. ज्ञानचंदने मान हलवली. पण त्याने पहिलं वाक्य उचललं होतं, पुढचं त्याला नको होतं. "म्हणजे माझं रक्त साफ आहे," तो म्हणाला, बाही खाली केली, आणि त्या दिवशी टोपी मात्र व्यवस्थित सरळ केली. महिन्याभरात धुळ्यात सगळीकडे झालं: बापात काही नाही, दोघी बायका एकाच घरातल्या, खोट त्या घराण्यातच. मुलीच्या उपचाराचं निमित्त काढून त्याने कुसुमलताला तिच्याबरोबर जळगावला पोचवलं आणि न्यायला तो परत आला नाही.

म्हणून त्या दोघी आता शांतीलालच्या घरात, राजकुंवरच्या पलीकडच्या खोलीत राहू लागल्या. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला म्हणा. कुसुमलता भाजी निवडताना मान वर करायची नाही, आणि राजकुंवर त्या खालच्या मानेसमोरून मुद्दाम दोनदा जायची. ज्या जागी मी बसले तिथे बस आता, असं तिच्या आत कुणीतरी एकसारखं म्हणत होतं. मग एका दुपारी शेजारची प्रमिलाबाई आली होती, तिला कुसुमलता सांगताना ऐकू आलं, "काय करायचं, माझ्या कुशीतच होतं ते." हे ती रडून म्हणत नव्हती. लसूण सोलता सोलता, पटलेली गोष्ट सांगावी तसं म्हणत होती. राजकुंवरच्या अंगाची आग झाली. हे वाक्य तिने स्वतः वीस वर्षांत एकदाही खरं मानलं नव्हतं, त्याच्याशी भांडण्यात तर सगळं गेलं, आणि ही बाई ते निमूट गिळून बसली होती. तिने कुसुमलताला तशीच, लसणाच्या हातांनी, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांसमोर उभं केलं आणि म्हणाली, हिला सांगा. डॉक्टर म्हणाले, आईकडून एक, बापाकडून एक. त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, राजकुंवरला त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकू आला. आईकडून एक. तिच्याकडून निर्मलला, तिच्याकडून इंदूला. कुसुमलताने विचारलं, "मग तुला जे झालं होतं जीजी, आणि मला जे झालं, यात फरक काहीच नाही?" राजकुंवर म्हणाली, नाही.

चंदनबाला राजकुंवरशी बोलत नव्हती. कॅप्सुला वेळेवर घ्यायची, वही घेऊन मंडळाच्या खोलीत बसायची, खेड्यातून आलेल्या बायकांना यंत्रापाशी न्यायची. तिचे हात स्थिर होते. दिवाळीनंतर मंडळाची वार्षिक सभा भरली. डॉक्टर मुंबईहून आले होते, पुढच्या वर्षी अभ्यासात काय करायचं ते बोलत होते, आणि नेहमीप्रमाणे कुटुंबांचं काही म्हणणं आहे का असं त्यांनी विचारलं. मागच्या सतरंजीवरून चंदनबाला उठली.

"माझं आहे," ती म्हणाली. "निकाल आधी बापाला सांगतात, नाहीतर आईला, नाहीतर सगळ्यांना. मला माझा आजार माझ्या सगाईत सगळ्या समाजाबरोबर कळला. आतली खोली मोकळी होती. यापुढे ज्याचं रक्त त्याला आधी सांगायचं, एकट्याला, दार लावून. बाकी कुणाला सांगायचं की नाही ते त्याने ठरवायचं. हे मान्य नसेल तर माझं रक्त मी देणार नाही. आणि मी बाकीच्यांशी बोलले आहे, तेही देणार नाहीत."

राजकुंवरने सतरंजीकडे पाहिलं. दहा-बारा पोरं-पोरी बसल्या होत्या, आणि त्यांच्यात भागाबाईचा पोरगाही होता. कुणी मान खाली घातली नाही. डॉक्टरांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवल्याशिवाय ते काही लिहून घेत नसत. ती अध्यक्षाच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ते उघडं दार होतं, बाजेवरचे खोके होते. नीट पाहून घेतलेलं दार.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

सभा संपल्यावर बायका चहाला गेल्या. चंदनबाला खोलीत सतरंज्या गुंडाळत होती. राजकुंवर दुसऱ्या टोकाला वाकली, कंबर धरली तरी वाकलीच, आणि दोघींनी एक सतरंजी अर्धी गुंडाळली.

"माझ्यावर राग आहे?" राजकुंवरने विचारलं.

मुलीने तिच्याकडे सरळ पाहिलं. औषधाने कडं फिकट झालं होतं, पण होतं. "आहे, मासी," ती म्हणाली. "जाणार नाही तो."

"राहू दे," राजकुंवर म्हणाली. "कामाला येतो."